लेकीचं घर पाण्यावर

"काय वो काकू, धाकट्या पोरीनं लंडनले फ्लॅट घेतला म्हणते?"

भाजीच्या गाड्यापाशी मेथीची जुडी हातात धरून शेजारीण विचारत होती. मी म्हटलं, "हो, घेतला ना."

"मोठा आहे काय?"

"आहे ठीकठाक. पाण्याच्या अगदी बाजूला आहे."

एवढं बोलून मी घाईघाईने पैसे दिले आणि घराकडे वळले. माझी धाकटी लेक आणि जावई लंडनमध्ये फ्लॅटमध्ये राहत नाहीत. ते बोटीत राहतात. पाण्याच्या बाजूला नाही, पाण्यावरच!

आता तुम्ही म्हणाल, बाई, खोटं बोलायची एवढी काय गरज पडली? गरज अशी पडली की, मी आधीच पेढे वाटून बसले होते. 2021 ची गोष्ट. सकाळी लेकीचा फोन आला, "आई, आम्ही घर घेतलं!" मी लगेच देवापुढे साखर ठेवली आणि दुपारपर्यंत गल्लीत पेढे पोचते केले. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर 'घर' पाहिलं. हिरव्या रंगाची, लांबलचक, अरुंद अशी एक लोखंडी बोट. त्यात एकामागे एक खोल्या, रेल्वेच्या डब्यासारख्या. लेक हसून दाखवत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे वाटलेले पेढे नाचत होते.

तिचं म्हणणं साधं होतं. लंडनमध्ये घरभाडं दर वर्षी वाढतं. दोघांच्या पगारातला मोठा हिस्सा दुसऱ्याच्या घरावर जातो. फ्लॅट विकत घेण्याइतके पैसे जन्मात साठणार नाहीत. जुनी बोट मात्र परवडते. "छत आपलं तर आहे ना आई!" मी हो म्हटलं. पण गल्लीत कुणालाच काही बोलले नाही. हे (माझे यजमान) जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. ते असते तर सरळ सांगून मोकळे झाले असते. मला ते जमलं नाही.

2023 साली लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण तिची नोकरी, तिकडचे डॉक्टर, तिकडच्या तपासण्या. ती येऊ शकत नव्हती, म्हणून माहेर उठून तिच्याकडे जायला निघालं. ऑक्टोबर महिना होता. मी दोन मोठ्या कडक सुटकेस भरल्या. डिंक, अळीव, बाळंतशेपा, वावडिंग, सुंठ, सांडगे, माझ्या आईने शिवलेली सुती गोधडी, बाळाची झबली, टोपडी. निघायच्या चार दिवस आधी लेक फोनवर म्हणाली, "आई, एकच बॅग आण हं. आणि कडक नको. रिकामी झाली की गुंडाळून ठेवता येईल अशी आण." मी हो हो म्हटलं आणि सुटकेसची कुलपं लावली.

इथे मला माझीच फजिती सांगितली पाहिजे. मी वर्ध्याच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. दर गांधी जयंतीला मुलांना एक गोष्ट सांगायची. 1931 साली गांधीजी गोलमेज परिषदेसाठी 'राजपुताना' बोटीने विलायतेला निघाले. सोबत महादेवभाई, प्यारेलाल, मीराबेन, देवदास. बोट सुटल्यावर बापूंनी सगळ्यांचं सामान पाहिलं. थंडीच्या देशात जायचं म्हणून लोकांनी दिलेल्या वस्तूंनी पेट्या गच्च भरलेल्या. बापू चिडले आणि त्यांनी जास्तीचं सामान एडन बंदरातून परत पाठवायला लावलं. ही गोष्ट मी तीस वर्षं रंगवून सांगितली. आणि स्वतः दोन सुटकेस घेऊन लंडनला उतरले. जावयांनी त्या बोटीच्या दारापर्यंत आणल्या, आत डोकावले, पुन्हा सुटकेसकडे पाहिलं आणि नम्रपणे म्हणाले, "आई, यातली एक माझ्या ऑफिसातल्या मित्राकडे ठेवू का?" माझं एडन तेच!

लेकीची बोट असते ती जागा म्हणजे पूर्व लंडनमधलं लाइमहाऊस बेसिन. बेसिन म्हणजे मोठा बांधीव तलावच समजा. एका बाजूने टेम्स नदी, दुसऱ्या बाजूने रीजंट्स कॅनॉल, म्हणजे शहराच्या पोटातून गेलेला कालवा. हे बेसिन 1820 मध्ये सुरू झालं. समुद्रावरून आलेली मोठी जहाजं इथे माल उतरवायची आणि छोट्या बोटी तो कालव्यांनी देशभर न्यायच्या. आता मालाची ये-जा संपली आणि तिथे मरीना आहे. मरीना म्हणजे बोटींचा डेपो म्हणा ना. आपल्याकडे एसटी कशा रांगेत लागतात, तशा तिथे बोटी लागतात. मधे तरंगते लाकडी धक्के. प्रत्येक धक्क्यावर विजेचा खांब आणि पाण्याचा नळ. जागेचं भाडं द्यायचं. टपालही तिथल्या ऑफिसात येतं. तिथे नेहमीचं राहायला परवानगी असलेल्या जागा मोजक्या, म्हणून महाग. ज्यांना ती परवडत नाही, ते कालव्यावर फिरते राहतात. नियम असा की, एका ठिकाणी चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. दर दोन आठवड्यांनी घर हलवायचं! नोकरी, पोरांची शाळा सांभाळून लोक तेही करतात. लेक-जावयांनी पहिलं दीड वर्ष तसंच काढलं, हे मला तिथे गेल्यावर कळलं. फोनवर ती नुसती म्हणायची, "आज जरा कामात होते गं."

बोट सत्तावन्न फूट लांब आणि सात फुटांना दोन इंच कमी इतकी रुंद. तिकडच्या जुन्या कालव्यांतली पाण्याची दारं तेवढीच अरुंद, म्हणून बोटीही तेवढ्याच. आत उभं राहून दोन्ही हात पसरले की, दोन्ही भिंती वीतभरच लांब राहतात. पुढून शिरलं की बैठक आणि लोखंडी शेगडी, मग ओटा, मग न्हाणी, मागे झोपायची खोली. कुणी न्हाणीत गेलं की वाहतूक बंद. माझी सोय बैठकीत. दिवसा बाक, रात्री त्याचीच खाट. पहिल्या रात्री मी ताडकन उठून बसले. कुशीला पाणी चुबकचुबक वाजत होतं आणि मला वाटलं, घरात पाणी शिरलं.

मला वाटायचं, हे आजकालच्या पोरांचं खूळ. पण बोटीत संसार ही तिथली फार जुनी गोष्ट निघाली. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि कालव्यांची मजुरी घटली. तेव्हा नावाड्यांनी किनाऱ्यावरची घरं सोडली आणि बायकापोरं बोटीत आणली. पुढे सगळा माल आणि मागे जेमतेम दहा फुटांची खोली. त्यात नवरा, बायको, चार-पाच पोरं. बाई सुकाणू धरायची, तिथेच रांधायची, तिथेच बाळंत व्हायची. मुलं शाळेविना राहायची. त्यांचे हाल पाहून 1877 मध्ये तिकडच्या सरकारने कायदा केला की, बोटीची घर म्हणून नोंद करा, एका खोलीत किती माणसं राहतील ते ठरवा. दुसऱ्या महायुद्धात पुरुष कमी पडले, तेव्हा शहरातल्या शिकलेल्या तरुण मुली पुढे आल्या. लंडनहून माल भरून बर्मिंगहॅमला न्यायचा, येताना कोळसा आणायचा. त्यांच्या बिल्ल्यावर 'आयडब्ल्यू' अशी अक्षरं असत. अर्थ होता देशांतर्गत जलमार्ग. पण लोकांनी चेष्टेने त्याचं 'आयडल विमेन' केलं, म्हणजे रिकामटेकड्या बायका. टनावारी माल वाहणाऱ्या पोरींना हे नाव! वाचून मला आपल्याकडचं 'ती काही करत नाही, घरीच असते' हे वाक्य आठवलं.

आता घरकामाचं सांगते, कारण तुम्हाला तेच ऐकायचं असणार. बोटीत सगळ्यात आधी शिकायचं ते पाणी. टाकी चारशे लिटरची. धक्क्यावरच्या नळाला नळी लावून भरायची. कडाक्याच्या थंडीत तो नळच गोठतो. लेक-जावई दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाकी भरत. मी आले आणि माझ्यातली खेड्यातली पोर जागी झाली. लहानपणी उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की, आई गुंडभर पाण्यात भांडी, पाय धुणं आणि तुळस एवढं सगळं बसवायची. तांदूळ धुतलेलं पाणी डाळीला, भाजी धुतलेलं झाडाला. मी तेच सुरू केलं. त्याच टाकीत आम्ही तिघं पाच-सहा दिवस काढू लागलो. जावई काट्याकडे बघून म्हणाले, "आई, तुम्ही पाणी कुठून आणता?" तिकडे माणशी रोज 140 लिटरच्या आसपास पाणी लागतं म्हणे. आपल्याकडे जल जीवन मिशनने खेड्यासाठी माणशी 55 लिटर धरलं आहे. बोटीवर आम्ही पंचवीसच्या आसपास होतो आणि कुणी पारोसं नव्हतं. परदेशी येऊन कौतुक व्हावं अशी एकच गोष्ट मला येत होती, ती म्हणजे पाणी पुरवून वापरणं. आणि सेवाग्रामच्या घरी मोटर लावून टाकी वाहू देणारी बाई मीच होते!

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे, पण सांगते. बोटीतल्या संडासाखाली चाकं लावलेली एक पेटी असते. ती भरली की मरीनाच्या ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करायची, धुऊन आणायची. पहिल्यांदा जावई ती ओढत निघाले तेव्हा मी मान फिरवली. जावयाने हे करावं? मग माझं मलाच हसू आलं आणि लाजही वाटली. बापूंच्या आश्रमात ही सफाई सगळ्यांनी करायची असा दंडक होता. त्यावरून भलेभले अडखळले. हे काम कुणा एका जातीच्या डोक्यावर टाकायचं नाही, हे मी फळ्यावर लिहून शिकवलं. बघायची वेळ आली तर मान फिरवली. महिन्याभराने जावयांना ताप आला, तेव्हा पेटी मी नेली. धक्क्यावर दोघंतिघं 'मॉर्निंग' म्हणाले. आभाळ कोसळलं नाही.

शेजार मात्र आपल्यासारखाच. पलीकडच्या बोटीत सत्तरी ओलांडलेल्या एक बाई एकट्या राहायच्या. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची बेताचीच. पण रोज सकाळी त्या आमच्या चिमणीकडे बघायच्या आणि मी त्यांच्या. चिमणीतून धूर नाही म्हणजे शेगडी विझली, म्हणजे दार वाजवायचं. एका सकाळी मी गोळाभात केला आणि वाटीभर देऊन आले. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली, तिच्यात लोकरीचं इवलंसं टोपडं. वाटी रिकामी परत करायची नाही, हे त्यांना कुणी शिकवलं असेल?

डिसेंबरात नात झाली. दवाखान्यातून दोन दिवसांत लेकीला सोडलं. मग सुईण घरी आली, म्हणजे बोटीत आली. मला वाटलं, ही आता कपाळावर हात मारणार. तिने शांतपणे सगळं पाहिलं. बाळ कुठे झोपतं, खोलीत ऊब किती, शेगडीच्या विषारी वायूची घंटा चालू आहे का, हेच सगळं विचारलं. बाळाला उताणं झोपवा, अंगावर सैल पांघरूण नको, खोली फार तापवू नका. माझी गोधडी बाद झाली! मी जरा खट्टू झाले. पण मग ती मांडीवर अंथरून तेल लावायच्या कामी आली.

चूक माझ्याकडून पुढे झाली. बाराव्या दिवशी बाळ-बाळंतिणीला धुरी द्यायची म्हणून मी शेगडीतले निखारे वाटीत काढले, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकला. दोन मिनिटं झाली नसतील, तोच छतावरची घंटा कोकलायला लागली. मग दुसरी. जावई उघड्या पायांनी धावत आले, वाटी उचलून बाहेर गेले, दोन्हीकडची दारं सताड उघडली. बाळ रडायला लागलं, लेक माझ्याकडे बघत राहिली. आपल्या जुन्या घरात कवेलूंच्या फटींतून धूर निघून जातो. बोटीत फट नसते. बंद जागेत निखारे ठेवले की बिनवासाचा वायू साठतो आणि माणूस झोपेतच जातो. मला कुणी एक शब्द बोललं नाही. त्याचंच जास्त लागलं. मैत्रिणींनो, हल्ली आपलेही फ्लॅट खिडक्या लावून एसीसाठी बंद केलेले असतात. तिथे धुरीचा हट्ट करू नका, एवढं माझ्या अनुभवावरून सांगते.

आणि मग 2 जानेवारी 2024 चं वादळ. त्याला तिकडे 'हेंक' नाव दिलं होतं. दिवसभर वारा पिसाळला होता. बोट दोरांना हिसके देत होती, कपाटातले कप किणकिणत होते. जावई दोर बघायला बाहेर, लेक बाळाला घट्ट धरून. संध्याकाळी वारा पडला आणि मनात साठलेलं माझ्या तोंडून बाहेर आलं.

"पुरे झालं हे. भाड्याने का होईना, फ्लॅट बघा. पैसे मी देते. सेवाग्रामचं घर विकते, मला एकटीला काय करायचंय एवढं?"

लेक काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आई, तू माझ्यासाठी घर विकायला निघालीस. पण मी कुठे राहते ते चार लोकांना खरं सांगायला तुला इतकं जड जातं? नागपूरच्या वहिनीचा मेसेज आला होता, 'नव्या फ्लॅटबद्दल अभिनंदन.' तुला माझी लाज वाटते का गं?"

मी म्हटलं, "लाज नाही, काळजी वाटते."

"काळजी वाटली असती तर तू मला विचारलं असतंस, की वादळात काय करता, बाळ चालायला लागलं की काय करणार. तू कधी काहीच विचारलं नाहीस. नुसतं 'बरं आहे ना?' एवढंच."

खरं होतं तिचं. पुढचे दोन दिवस आम्ही दोघी गरजेपुरतं बोललो. सत्तावन्न फुटांच्या बोटीत अबोला धरणं किती कठीण, ते विचारू नका. रुसून जायला दुसरी खोलीच नाही!

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. जावई म्हणाले, "आई, चला, तुम्हाला तुमच्या गावाचं माणूस दाखवतो." बेसिनपासून लाइमहाऊस कट नावाचा कालवा निघतो. 1770 मध्ये खोदलेला, लंडनमधला सगळ्यात जुना. त्याच्या काठाने आम्ही बो भागाकडे चालत गेलो आणि वळून एका विटांच्या इमारतीपुढे थांबलो. किंग्जली हॉल. दारापाशी गोल निळी पाटी. 1931 मध्ये गांधीजी सप्टेंबर ते डिसेंबर इथे राहिले. मोठं हॉटेल नको म्हणाले आणि म्युरिअल लेस्टर यांच्या या सेवाकेंद्रात, गरिबांच्या वस्तीत उतरले. गच्चीवरच्या एका उघड्याबोडक्या लहान खोलीत अंथरूण टाकलं. ती खोली बघायला आधी वेळ ठरवावी लागते, ते आम्हाला जमलं नाही. मी रस्त्यावरूनच वर बघत राहिले.

तिथे मला मीराबेन आठवल्या. सेवाग्रामच्या लेकरांना नाव माहीत असतं, गोष्ट फारशी नसते. मॅडलिन स्लेड हे त्यांचं मूळ नाव. वडील ब्रिटिश नौदलात रिअर अ‍ॅडमिरल. अशा घरची मुलगी 1925 मध्ये सगळं सोडून साबरमतीला आली. पुढे आपल्या गावी, तेव्हाच्या सेगावात, ती बापूंच्याही आधी येऊन राहिली. बापू आले 30 एप्रिल 1936 ला. गावाचं 'सेवाग्राम' झालं ते 1940 मध्ये, कारण शेगाव आणि सेगाव यात टपालाचा घोळ व्हायचा. आज आपण पाहुण्यांना जी बापू कुटी दाखवतो, ती मुळात मीराबेननी स्वतःसाठी बांधलेली. माती, बांबू, कवेलू. भिंतीवर त्यांच्या हातचे मोराचे, झाडाचे उठाव अजून दिसतात.

मनात आलं, 1925 मध्ये लंडनला शेजारणींनी या मुलीच्या आईला विचारलंच असेल ना, "हल्ली मॅडलिन कुठे असते?" काय सांगितलं असेल त्या माउलीने? मातीच्या घरात राहते, चरखा चालवते, हे एका दमात सांगितलं असेल, की माझ्यासारखं 'ठीकठाक आहे' म्हणून वेळ मारून नेली असेल? मला माहीत नाही. पण मीराबेनच्या कुटीपुढे रोज पाहुण्यांना हात जोडायला लावणारे आपण. आपल्या लेकीने लहान घर निवडलं की मात्र आपल्याला पेढे परत घ्यावेसे वाटतात.

परतताना मी जावयांना एकेक विचारायला सुरुवात केली. बोटीच्या तळाला गंज चढतो का? (चढतो. दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून काळा लेप द्यावा लागतो.) कुणी तपासणी करतं का? (दर चार वर्षांनी, गॅस, वीज, शेगडी सगळं. प्रमाणपत्राशिवाय परवाना नाही.) बाळ चालायला लागल्यावर? (कठड्याला जाळी आणि बाहेर पडताना अंगात लाइफ जॅकेट. ते घेऊनही ठेवलं होतं. माझ्या डोक्यावरच्या कप्प्यात, तीन महिने!) त्रास काय काय आहे? हे विचारल्यावर ते मोकळेपणाने बोलले. भिंतींना घाम येतो, कपड्यांना बुरशी लागते, हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो आणि कधीकधी दोघांनाही भिंती अंगावर येतात. बोट जुनी होत जाते तशी तिची किंमत घटते, आपल्या प्लॉटसारखी वाढत नाही. "पण रात्री कर्जाच्या विचाराने जाग येत नाही, आई," ते म्हणाले. घरी आल्यावर लेकीने चहा टाकला. मी म्हटलं, "मी घर विकत नाही. आणि परत गेल्यावर सांगते सगळ्यांना." ती म्हणाली, "पेढ्यांचं काय?" आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की बाळ जागं झालं.

मार्चमध्ये मी परतले. भिशीच्या दिवशी चहा झाल्यावर सांगून टाकलं. क्षणभर शांतता. मग एकच गलका.

"म्हंजे डोंग्यात रायते? अन् वाहून गेली त?"

"रात्री हलते का वो ते?"

"माय, बायामाणसाचं काम आहे का पाण्यात राहणं!"

यावर मी त्यांना 'तारिणी' सांगितली. गोव्यात बांधलेली, जेमतेम छप्पन्न फुटांची, लेकीच्या बोटीएवढीच शिडाची बोट. आपल्या नौदलाच्या सहा मुली तिच्यावरून 2017-18 मध्ये 254 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. आणि त्याच बोटीवरून दुसऱ्या फेरीला अवघ्या दोघी जणींची तयारी चाललेली. (त्या दोघी, दिलना आणि रूपा, 2 ऑक्टोबर 2024 ला गोव्याहून निघाल्या आणि मे 2025 मध्ये सुखरूप परतल्या. तेव्हा भिशीतल्या बायकांनी मला फोन करून सांगितलं!) सगळ्यात शेवटी कोपऱ्यातल्या आजी बोलल्या. त्यांची हयात दोन भिंतींच्या खोलीत गेली. त्या म्हणाल्या, "आमची खोली भाड्याची होती बाई. तुह्या पोरीची सोताची त आहे." मला जे तीन वर्षांत कळलं नाही, ते त्यांना तीन मिनिटांत कळलं.

घरी येऊन मी दुसऱ्याच दिवशी मधल्या खोलीतलं मोठं कपाट उघडलं. सव्वीस स्टीलचे डबे, अकरा बेडशीट, कुणाच्या तरी लग्नात आलेले चार लेमन सेट. निम्मं वाटून टाकलं. सगळं नाही. बंगई आहे तिथेच आहे, तिच्यावर बसल्याशिवाय माझी दुपार होत नाही. मी काही बापू नाही. पण टाकी आता वाहत नाही, मोटर मी घड्याळ लावून बंद करते.

नात आता दुडुदुडु पळते. लाल लाइफ जॅकेट घातल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, हे तिला बोलता येण्याआधी कळलं. तिला स्वतःची खोली लागेल, शाळा येईल, तेव्हा हे तिघं किनाऱ्यावर येतील असं दिसतं. लेक म्हणते, "बघू." मीही बघूच म्हणते. पूर्वी तिने हे म्हटलं असतं तर मी सुटकेचा श्वास सोडला असता. परवा ती म्हणाली तेव्हा मला त्या चुबकचुबक आवाजाची आठवण झाली.

कालच भाजीच्या गाड्यापाशी शेजारीण भेटली. "काय वो काकू, पोरीचा डोंगा काय म्हणते?"

"मजेत आहे," मी म्हटलं. "हिवाळ्यात जाऊन राहणार आहे."

कापडी बॅग काढून ठेवली आहे. एकच.